वाळवंटातली कललेली टपालपेटी : खांब सरळ करावा की नवा रोवावा?

मेसाकर

ॲरिझोनातल्या फीनिक्सच्या पूर्वेला, मेसा-गिल्बर्टच्या जुन्या वस्त्यांत रस्त्याकडेला घरागणिक वेगळी टपालपेटी असते. त्यातल्या एका पेटीबद्दल विचारतोय. ४×४ चा लाकडी खांब, वर मध्यम आकाराची पत्र्याची पेटी. खांब रस्त्याच्या बाजूला साधारण १० अंश कललाय. बुडाशी अर्धा इंची शोभेची खडी पसरलेली आहे, ८ इंचांवर लँटानाच्या झुडपाचा ड्रिप एमिटर (ठिबक सिंचनाचं तोंड) आहे. खांब हलवला की जमिनीतच हलतो. काँक्रीट आहे की नाही, वरून कळत नाही. पेटीचं दार नीट बसत नाही आणि झेंडी (न्यायचं टपाल आहे हे वाहकाला दाखवणारी) उन्हानं गुलाबी पडलीय.

प्रश्न तीन. आहे तोच खांब सरळ करावा की नवा घालावा? काँक्रीट किती लागेल? आणि फूटभर खाली पहार मारली की उसळून परत येते, तिथे काय करायचं?

पाणसळ

आधी त्या १० अंशांचा हिशेब करू. पेटीचा तळ रस्त्यापासून ४३ इंचांवर धरला तर १० अंशांत वरचं टोक जवळजवळ साडेसात इंच पुढे येतं. टपाल खात्याला पेटीचं दार कर्बच्या (रस्त्याकडेच्या उंच काठाच्या) पुढच्या कडेपासून ६ ते ८ इंच मागे हवं असतं. म्हणजे पेटी मुळात बरोबर लावली होती असं धरलं, तरी दार आता कर्बच्या रेषेवर आलंय. वाहकाच्या गाडीचा आरसा किंवा कचऱ्याच्या गाडीचा हात आज ना उद्या तिला लागणार. लवकर हात घाला.

पण काँक्रीटच्या पिशव्या आणण्याआधी खांब नेमका कुठे फिरतोय ते बघा. एका हातानं खांब जमिनीलगत घट्ट धरा, दुसऱ्या हातानं वरून हलवा. चारपैकी एक काहीतरी दिसेल.

पहिलं, खांब स्थिर आणि पेटी तेवढी डुगडुगते. तसं असेल तर जमिनीला हात लावू नका, फक्त पेटीखालची फळी बदला.

दुसरं, खांब जमिनीच्या रेषेवर मऊ लागतो. स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. अर्धा इंच सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवीनं पोखरलंय. वाळवंटी वाळवी खांबावरून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या वर नेते. खडी बाजूला सारल्याशिवाय त्या दिसत नाहीत.

तिसरं, काँक्रीटचा गड्डा जागच्या जागी आहे आणि खांब त्याच्या आत खुळखुळतो. हे खास आपल्याकडच्या कोरड्या हवेचं दुखणं. ओला प्रेशर-ट्रीटेड (दाबानं औषध मुरवलेला) खांब दुकानातून आणून त्याच दिवशी रोवला की तो पुढे वाळत आकसतो. ४×४ म्हणून मिळणारं लाकूड प्रत्यक्षात साडेतीन इंची असतं, त्यात आडवं आकुंचन ४-५ मिलिमीटर सहज होतं, आणि तेवढी फट भोवतीनं पडते.

चौथं, गड्डा आणि खांब दोन्ही एकत्र फिरतात. खांबाजवळ माती एका बाजूला उचललेली आणि दुसऱ्या बाजूला फट, असं दिसलं तर हेच.

यातलं कोणतं ते कळलं की तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल.

वेगासकरीण

पाणसळदादांच्या यादीत मी कारणाची भर घालते, कारण कारण तसंच ठेवलं तर नवा खांबही दोन वर्षांत कलेल. मान्सूनच्या वादळानंतर पेटी वाकडी दिसली की लोक वाऱ्याला दोष देतात. पण एवढ्याशा पेटीला वारा धरायला असं अंग तरी किती असतं? बहुतेक वेळा जमीन आधीच भुसभुशीत झालेली असते आणि वारा शेवटचा धक्का देतो. जमीन भुसभुशीत करतो तो ड्रिप.

ताशी १ किंवा २ गॅलनचा एमिटर खांबापासून ८ इंचांवर रोज चालतोय म्हणजे एका बाजूची माती कायम ओली आणि दुसरीकडची हाडासारखी कोरडी. ओल्या बाजूला आधार राहत नाही, खांब तिकडे झुकतो. तुमचा एमिटर रस्त्याच्या बाजूला आहे का ते बघा, बहुधा असेलच. वरून त्याच ओलाव्यावर वाळवी येते, आणि पाण्यातले क्षार जमिनीच्या रेषेवर साठून लोखंडी खांबाला गंज चढवतात.

उपाय स्वस्त आहे. पाव इंची नळी मुख्य नळीतून उपटा, भोकात गूफ प्लग (छोटं बूच) दाबून बसवा. झुडूप ठेवायचं असेल तर एमिटर खांबापासून किमान ३ फूट लांब न्या. मग ड्रिप तासभर चालवून खांबाभोवतीची खडी हातानं उकरा. खालची माती कोरडी राहिली पाहिजे. मुख्य नळीलाच बारीक गळती असली तर ती इथेच सापडते.

पाणसळ

वेगासकरीणताई, अगदी बरोबर. यादीच्या आधी हेच लिहायला हवं होतं.

सोनोरा_टूसॉन

कोणी खणायला लागण्याआधी एक महत्त्वाचं. ८११ ला फोन किंवा ऑनलाइन विनंती, म्हणजे जमिनीखालच्या नळ्या-तारांवर खुणा करून मिळतात. ॲरिझोनात खणण्याच्या किमान दोन पूर्ण कामकाजी दिवस आधी कळवावं लागतं, पैसे पडत नाहीत. टपालपेटी कर्बलगतच्या ज्या पट्ट्यात असते, त्याच पट्ट्यातून गॅस, केबल, फोन, पाणी सगळं जातं. 'दोनच फूट तर खणायचंय' हा हिशेब इथे चालत नाही, केबल बऱ्याचदा फूटभरावर असते. खुणांचे रंग : लाल वीज, पिवळा गॅस, नारिंगी फोन-केबल, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी, जांभळा पुनर्वापराचं पाणी. खुणेच्या दोन्ही बाजूंना २४ इंचांच्या आत यंत्र लावू नका, हातानं हळूहळू उकरा. तुमच्या स्वतःच्या ड्रिपच्या नळ्या मात्र ते दाखवत नाहीत.

दुसरं म्हणजे धूळ. फीनिक्स-टूसॉनच्या मातीत व्हॅली फीवर या आजाराची बुरशी असते आणि ती धुळीबरोबर फुप्फुसात जाते. खणण्याची जागा आदल्या दिवशी भिजवा, खणताना पाण्याचा फवारा मारत राहा, एन-९५ मास्क लावा. वारा सुटला असेल त्या दिवशी काम नको.

तिसरं, पेटीच्या तळाशी हात घालण्याआधी बॅटरी मारा. तळ आणि खांब यांच्या कोपऱ्यात ब्लॅक विडो या विषारी कोळ्याचं चिवट, वेडंवाकडं जाळं हमखास असतं. लांब काठीनं झाडून काढा. खडीखाली बार्क विंचू असू शकतो, जाड हातमोजे घाला. पेटीत किंवा पोकळ खांबात मधमाश्यांची ये-जा दिसली तर काम तिथेच थांबवा आणि माश्या काढणाऱ्या व्यावसायिकाला बोलवा. १९९३ पासून ॲरिझोनात आफ्रिकन वंशाच्या माश्या आहेत, त्या अशाच लहान पोकळ्यांत घर करतात आणि खांबाला बसलेल्या हादऱ्यानंही उठतात.

मेसाकर

खडी बाजूला करून पाहिलं. एमिटर रस्त्याच्याच बाजूला होता, गूफ प्लगनं बंद केला. काँक्रीट नाहीच. खांब फक्त १४ इंच आत आहे, भोवती मोकळी माती आणि तीच शोभेची खडी. स्क्रूड्रायव्हर पाऊण इंच आत जातो. १४ इंचांवर पांढरट, दगडासारखा थर लागतो.

मुरूम_खडी

तर मग खांब नवाच. आणि तो पांढरट थर म्हणजे कॅलिची. मराठीत ज्याला चुनकंकर म्हणतात तेच, चुन्यानं जखडलेली माती. कमी पावसाच्या प्रदेशात पाणी चुना विरघळवून थोडं खाली नेतं, तिथेच सुकतं आणि चुना मागे राहतो. हजारो वर्षांत त्याची फरशी होते. जाडी कुठे दोन-चार इंच, कुठे काही फूट. आधीच्या माणसाची पहार १४ इंचांवर उसळली, त्यानं तिथेच खांब टेकवून वर माती ओढली. या भागातले उथळ खांब बहुतेक असेच झालेले असतात.

कॅलिची खणायची पद्धत :

माती १४ इंचांपर्यंत काढून घ्या, आदल्या संध्याकाळी खड्डा पाण्यानं भरून ठेवा. सकाळी वरचे एक-दोन इंच नरम झालेले असतात. ६ फुटी, १७-१८ पौंडांची पहार घ्या, एक टोक छिन्नीसारखं असलेली. मध्यावर घाव घालू नका. कडेनं गोल फिरत घाव घाला म्हणजे कपच्या सुटतात. सुटलेलं काढा, पुन्हा पाणी, पुन्हा पहार. पाण्यानं भागत नसेल तर भाड्यानं एसडीएस-मॅक्स हॅमर (विजेवरचं फोडायचं यंत्र) आणि २ इंची छिन्नी आणा, अर्ध्या दिवसाच्या भाड्यात काम होतं. एकानं धरायचं पेट्रोलचं ऑगर (खड्डा पाडायचं गिरमिट) मात्र कॅलिचीत वापरू नका. पातं अडकलं की यंत्र माणसालाच फिरवतं आणि मनगट मोडतं.

खड्डा १० इंच व्यासाचा आणि २८ इंच खोल हवा. तळाला ४ इंच खडी, त्यावर खांब, म्हणजे खांब २४ इंच आत जाईल. त्याहून खोल नको. टपाल खात्याचीच सूचना २४ इंचांपर्यंत आहे, म्हणजे गाडी धडकली तर खांब मोडावा किंवा वाकावा, गाडीतला माणूस वाचावा. काँक्रीट भरलेला जाड लोखंडी पाइप वगैरे याच कारणानं चालत नाही. ४×४ चं लाकूड किंवा २ इंची पाइप पुरे.

आता पाण्याचा निचरा. कॅलिचीतला खड्डा म्हणजे दगडी रांजण, त्यात पडलेलं पाणी तसंच राहतं. खांब घालण्याआधी पाणी ओतून बघा. चार तासांत ४ इंच उतरलं तर ठीक. नाही उतरलं तर तळाच्या मधोमध पहारीनं ३-४ इंच रुंदीचं एक भोक थर फुटेपर्यंत खाली न्या आणि त्यात खडी भरा. थर फारच जाड असेल आणि फुटतच नसेल, तर कॅलिचीत एकूण १८-२० इंच खोलीवर थांबलात तरी चालेल असं माझं मत. तिथल्या कडा मातीसारख्या दबत नाहीत, खांब घट्ट धरतात. पण मग पाणी वरूनच आत जाऊ न देण्याची काळजी दुप्पट घ्यावी लागेल.

चँडलरचा_सुतार

मेसाकर, काँक्रीटचा प्रश्न राहिला. १० इंची खड्डा, २० इंच उंचीचं काँक्रीट, त्यातून ४×४ वजा केला की पाऊण घनफूट उरतं. ५० पौंडांच्या फास्ट-सेटिंग पिशवीतून सुमारे ०.३७ घनफूट निघतं. म्हणजे दोन पिशव्या, आणि एक जास्तीची जवळ ठेवा. खड्डा चुकून १२ इंची झाला तर तीन लागतील.

पिशवीवर लिहिलेलं असतं, कोरडं ओता आणि वरून पाणी घाला. आपल्याकडे तसं करू नका. तापलेली कोरडी माती कडेनं पाणी शोषून घेते, वर कडक साय येते आणि खाली पीठ राहतं. खड्ड्याच्या कडा आधी भिजवा, तळाला डबकं ठेवू नका. मग घमेल्यात एका वेळी एकच पिशवी, साधारण एक गॅलन थंड पाणी घालून कालवा आणि ओता. २० ते ४० मिनिटांत घट्ट होतं असं म्हणतात, पण उन्हाळ्यात त्याहून लवकर पकडतं. म्हणून ओळंबा आणि टेकू आधी, काँक्रीट मागून. काम सकाळी ५ ते ८ मध्ये उरका. वरचा भाग जमिनीपेक्षा इंचभर उंच आणि चारही बाजूंना उतरता ठेवा. ओलं गोणपाट दोन दिवस झाकून ठेवा, नाहीतर भेगा पडतात. पेटी चार तासांनी चढवली तरी चालते.

मुरूम_खडी

सुतारदादा, तुमचं प्रमाण बरोबर आहे, पण या कामाला काँक्रीटच नको असं मी म्हणेन. तीन कारणं.

लाकूड वाळून आकसलं की काँक्रीटमध्ये फट पडते, ती भरून येत नाही आणि पावसाचं पाणी थेट बुडाशी जातं. दाबलेल्या मुरमात फट पडली तर वरून कुटून बंद करता येते. दुसरं, पाच-सात वर्षांनी खांब बदलताना काँक्रीटचा शंभर पौंडांचा गड्डा कॅलिचीतून उपटणं हे नव्यानं खणण्याहून अवघड. तिसरं, वेगवान वाहतुकीच्या काउंटी रस्त्यांवर आणि राज्य हायवेवर बऱ्याच ठिकाणी टपालपेटीचा खांब काँक्रीटमध्ये पुरायला परवानगीच नसते. कारण वर सांगितलं तेच, धडकेत खांब निघाला पाहिजे.

माल नीट निवडा. इथल्या लँडस्केप यार्डात 'पाव इंच मायनस' आणि 'अर्धा इंच स्क्रीन्ड' असे दोन ढीग शेजारी असतात. मायनस म्हणजे पाव इंचापासून पिठापर्यंत सगळं एकत्र, आपला मुरूमच. तो कुटला की जखडतो. स्क्रीन्ड म्हणजे बारीक चाळून काढलेलं, नुसते दाणे. ते कितीही कुटा, गोट्यांसारखे सरकतात. तुमच्या खांबाभोवती तेच भरलेलं होतं. मायनस मुरूम किंवा रस्त्याच्या बेसचं एबीसी, दोन्ही चालतात. थोडंच लागत असेल तर दुकानातला पेव्हर बेस, अर्धा घनफुटाच्या तीन पिशव्या. शिवाय तळाला घालायला एक पिशवी पाऊण इंची खडी.

कुटण्याची रीत अशी. मुरूम घमेल्यात थोडा ओला करा. मुठीत दाबला की लाडू वळला पाहिजे, पण हाताला पाणी सुटता कामा नये. ४ इंचांचा थर टाका, पहारीच्या चपट्या टोकानं किंवा २×४ च्या तुकड्यानं चारही बाजूंनी २०-२५ घाव. आवाज 'धप' वरून 'टक' वर आला की थर झाला. २४ इंचांत असे सहा थर. घाई करून दोन थरांत भरलंत तर वरचे ६ इंच घट्ट आणि खाली पोकळ राहतं, आणि महिन्याभरात खांब पुन्हा हलतो. दर थरानंतर पाणसळ खांबाच्या लागून असलेल्या दोन बाजूंना लावून बघा. शेवटी कुंभारासारखा हात फिरवून वर उतार द्या, पाणी खांबापासून लांब पळालं पाहिजे. शोभेची खडी खांबापासून ३-४ इंच लांब ठेवा, म्हणजे वाळवीची नळी आली तर दिसेल.

चँडलरचा_सुतार

मुरमाची बाजू पटते, विशेषतः लाकडी खांबाला. २ इंची लोखंडी पाइप असेल तर मी काँक्रीटच घेईन. गुळगुळीत गोल पाइप मुरमात स्वतःभोवती फिरतो आणि पेटी रस्त्याकडे पाठ करते.

मुरूम_खडी

पाइपबद्दल मान्य.

एल_पासोकर

जमिनीत ठोकायचा लोखंडी खिळा-पाया मिळतो, त्याच्या खोबणीत खांब बसतो आणि खणायला लागत नाही. तो का नको?

पाणसळ

कॅलिचीवर ठोकला की टोक मिळेल तिकडे सरकतं आणि खोबणी वाकडी होते, मग वर कितीही पाचरी मारा. निव्वळ वाळूत तो सरळ जातो, पण बाजूनं धक्का बसला की हलतो. मधल्या चिकण, दगड नसलेल्या मातीतच तो चांगला, आणि तशी माती आपल्या पट्ट्यात कमी.

ज्यांच्याकडे तिसरा किंवा चौथा प्रकार आहे त्यांच्यासाठी इथेच लिहून ठेवतो. खांब काँक्रीटमध्ये खुळखुळत असेल आणि लाकूड निरोगी असेल, तर खांब ओळंब्यात टेकून चारही बाजूंनी प्लास्टिकच्या किंवा ट्रीटेड लाकडाच्या पाचरी समोरासमोर आळीपाळीनं ठोका. जास्तीचा भाग कापून टाका, फट कोरडी आणि स्वच्छ करून वरून पॉलियुरेथेन सीलंट भरा. जमिनीच्या रेषेवरच थोडं कुजलं असेल तर पोस्ट मेंडर नावाच्या पोलादी पट्ट्या खांब आणि काँक्रीट यांच्या मधून खाली ठोकून वर स्क्रूनं आवळता येतात. तात्पुरता इलाज म्हणून ठीक.

अख्खा गड्डाच कलला असेल तर ज्या बाजूला खांब ओढायचा, म्हणजे घराकडची बाजू, तिथे गड्ड्याला लागून वरच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत खणा. न खणता दोरीनं ओढलं तर लाकूड मोडतं, गड्डा हलत नाही. सरळ झाला की अंशभर मागे जास्त ओढा, दोन २×४ चे टेकू लावा, आणि रस्त्याकडे उघडलेली फट आधी मुरमानं थर देत भरा, घराकडची नंतर. टेकू काढल्यावर तो तेवढा अंशभर पुढे येतो.

मेसाकर

मुरूम घ्यायचं ठरवलं. खांबाची लांबी किती कापू? दुकानात ८ फुटी मिळतो. माप नेमकं कुठून घ्यायचं, यावर शेजारी वेगवेगळं सांगतात.

चँडलरचा_सुतार

माप रस्त्याच्या पृष्ठभागापासून. कर्बच्या माथ्यापासून नाही, आणि अंगणातल्या मातीपासून तर नाहीच. रस्त्यापासून पेटीच्या तळापर्यंत ४१ ते ४५ इंच. मातीपासून ४३ मोजणाऱ्याची पेटी कर्बच्या उंचीएवढी, म्हणजे ६ इंच जास्त वर जाते आणि वाहकाला गाडीतून हात पोचत नाही.

तुमचं गणित : तळ ४३ इंचांवर ठेवू. कर्ब ६ इंच, माती कर्बच्या माथ्याला. मातीपासून उरले ३७. त्यातून पेटीखालची फळी १ इंच वजा, ३६. अधिक जमिनीत २४. खांब बरोबर ६० इंच, ५ फूट. कापलेलं टोक जमिनीत घालू नका, कारखान्याचं टोक खाली आणि कापलेलं वर. वरच्या टोकाला कॉपर नॅफ्थिनेट या लाकूड टिकवणाऱ्या औषधाचे दोन हात द्या.

पेटीची लांबी साधारण २० इंच. दार कर्बच्या कडेपासून ७ इंच मागे धरलं आणि खांब पेटीच्या मधोमध आला, तर खड्ड्याचं केंद्र कर्बच्या पुढच्या कडेपासून १७ इंचांवर. खणण्याआधी ही खूण करा, कारण कॅलिचीत खड्डा नंतर सरकवता येत नाही. कर्बच नसलेल्या रस्त्यावर अंतर आधी स्थानिक पोस्टमास्तरांना विचारून घ्या.

लाकूड 'ग्राउंड काँटॅक्ट' शिक्क्याचं, म्हणजे जमिनीत पुरता येणारं घ्या. आणि पाणसळनी सांगितलेलं आकुंचन टाळायचं तर खांब सावलीत, खाली दोन ठोकळे घालून, दोन-तीन आठवडे वाळू द्या. ओला खांब थेट उन्हात रोवला की पिळतोही. २०२४ साली फीनिक्सला सलग ११३ दिवस पारा शंभर फॅरनहाइटला किंवा त्यावर गेला होता. अशा हवेत ओल्या लाकडाला भेगा पडणारच. स्क्रू हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या, ट्रीटेड लाकडातलं तांबं साध्या झिंकच्या स्क्रूला खातं.

फळी पेटीच्या तळाच्या खाचेत बसेल अशी कापा, रुंदी पेटीवरूनच मोजा, दोन्ही बाजूंना जेमतेम एक-एक मिलिमीटर सैल. आधी फळी खांबावर ३ इंची चार स्क्रूंनी, भोकं आधी पाडून. मग पेटी फळीवर चढवून दोन्ही पाखांतून आडवे पाऊण इंची स्क्रू. पेटीच्या तळातून वरून खाली स्क्रू मारू नका, पावसाळ्यात तिथूनच पाणी फळीत उतरतं.

वेगासकरीण

आता पेटी. दार बसत नाही याची दोनच कारणं असतात. एक म्हणजे पेटी पिळलेली. नव्या फळीवर सरळ बसवली की पुष्कळदा दार आपोआप लागतं, म्हणून दार आधी वाकवत बसू नका. दुसरं म्हणजे बिजागरीत धूळ. तिथे तेल घालू नका, वाळवंटातली बारीक धूळ तेलात कालवली की पॉलिश पेपरसारखी घासते. ब्रशनं झाडून ग्रॅफाइटची कोरडी पूड फुंका.

झेंडी नवीनच घ्या, आणि ॲल्युमिनियमची. प्लास्टिकची दोन उन्हाळ्यांत काचेसारखी तडकते. रंग फ्लोरोसंट नारिंगी सर्वांत चांगला. टपाल खात्याच्या मानकात हिरवी, तपकिरी, पांढरी, पिवळी आणि निळी झेंडी चालत नाही. बोल्टला नायलॉन लॉक नट लावा आणि एवढाच आवळा की झेंडी वर केल्यावर वाऱ्यानं पडू नये.

रंग द्यायचा असेल तर जस्त चढवलेल्या पत्र्यावर तेलरंग थेट देऊ नका, जस्ताशी साबणासारखी क्रिया होऊन पापुद्रे सुटतात. साबणानं धुवा, १२० च्या पेपरनं घासा, गंजाच्या जागी प्राइमर, मग पाण्यातला शंभर टक्के ॲक्रिलिक, फिकट रंगाचा. बहुतेक डब्यांवर ५० ते ९० फॅरनहाइट ही मर्यादा असते, आणि ती पत्र्याला लागू आहे, हवेला नाही. जूनमध्ये सकाळी ९ ला पत्रा त्याच्या पलीकडे गेलेला असतो. रंग ब्रशखालीच सुकतो आणि दाणे येतात. हे काम नोव्हेंबर ते मार्च मध्ये ठेवा, खांबाचं हवं तेव्हा करा. घरक्रमांक किमान १ इंच उंचीचा, वाहक ज्या बाजूनं येतो त्या बाजूला.

सोनोरा_टूसॉन

टूसॉनकडे विटा-गिलाव्याचे चौकोनी खांबही खूप दिसतात, कोणी विचारेल म्हणून लिहितो. बुडाशी पांढरी पूड फुललेली दिसली तर तोही ड्रिपचाच प्रताप, पाणी वर चढून क्षार बाहेर टाकतंय. नुसता गिलावा कललेला नसतो, खालचा पाया कललेला असतो. तो जॅकनं उचलायचा प्रयत्न घरी करू नका. असा खांब कित्येक शे पौंडांचा असतो आणि पडला तर माणसावर पडतो. पाडून, पायाखालची माती कुटून नव्यानं बांधणं हाच मार्ग, आणि एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) असेल तर आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. दहा-दहा पेट्यांचा सामायिक खोका कलला असेल तर त्याला स्वतः हात लावू नका, पोस्टात आणि एचओएत कळवा.

मेसाकर

८११ ची विनंती टाकली, खांब सावलीत वाळत ठेवलाय. मधल्या काळात टपालाचं काय? जुना खांब उपटल्यावर एक-दोन दिवस पेटी नसेल.

पाणसळ

जुना खांब आत्ताच उपटू नका. घराकडून एक दोरी बांधून तात्पुरता मागे ओढून ठेवा, दार कर्बच्या मागे येईल एवढा. खणायच्या आदल्या दिवसापासून ऑनलाइन 'होल्ड मेल' (टपाल पोस्टातच थांबवून ठेवायची विनंती) टाका, ते कमीत कमी ३ दिवसांचं घ्यावं लागतं, जास्तीत जास्त ३० दिवसांचं. पहिला दिवस खड्डा आणि रात्रभर पाणी, दुसऱ्या दिवशी निचरा बघून खांब आणि मुरूम, तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी. त्या तिसऱ्या दिवशी पेटी चढवण्याआधी खांबाच्या माथ्यावर हाताचा भार देऊन चारही दिशांना ढकला. पाव इंचापेक्षा जास्त हलला तर वरचे दोन थर उकरून पुन्हा कुटा, पेटी लागल्यावर पहार फिरवायला जागा राहत नाही.

मुरूम_खडी

आणि पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी बुडाशी बघून या. मुरूम अर्धा-पाऊण इंच बसलेला असतो. मूठभर ओला मुरूम टाकून कुटा आणि उतार परत करून घ्या. एक घमेलं मुरूम त्यासाठी बाजूला काढून ठेवा.